वकील नावाचा बैल आणि ग्रीकांचा पुकारा

"प्राचीन ग्रीक समाजात खेळाला देवपूजेचं स्थान होतं, आणि तोच पवित्र वारसा आज आपल्या पळस्प्यात अवतरत आहे."

हे वाक्य मला छापील कागदावर दिलं होतं. मी ते माइकवर म्हणालो आणि मैदानाच्या कडेला बांधलेल्या एका बैलाने त्याच क्षणी शेण टाकलं. उभ्या आयुष्यात माझ्या निवेदनावर इतका नेमका अभिप्राय दुसऱ्या कुणी दिलेला नाही. त्या बैलाचं नाव वकील. ही हकीकत त्याचीच आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागेल. मी निवेदक आहे, थेट मुद्द्यावर आलो असतो तर पोट भरलं नसतं.

पनवेलमध्ये मला नाना भोंगा म्हणतात. पत्रिकेवर 'सुप्रसिद्ध क्रीडा निवेदक' छापतात, पण पत्रिकेवर काय, ज्याने खुर्च्या दिल्या त्यालाही 'दानशूर' छापतात. कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, बैलगाड्यांच्या शर्यती, शाळांचे क्रीडादिन, सगळीकडे माझाच आवाज. भर उमेदीत मी पनवेलला 'चढाई' म्हणालो की उरणच्या बाजारात कोळणी सुरी खाली ठेवून कान द्यायच्या. कर्नाळ्याचा सुळका माझ्या एका अंतिम सामन्यामुळे थोडा कलला असं जुनी माणसं सांगतात. मी स्वतः मोजायला गेलेलो नाही, उगाच थापा मारणं मला आवडत नाही.

आमचा धंदा बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. लोकांना वाटतं निवेदक खेळ सांगतो. खेळ तर समोर दिसत असतो, तो कशाला सांगायचा? निवेदक नावं सांगतो. मैदानात जमलेल्यांपैकी निम्मे खेळ बघायला आलेलेच नसतात, स्वतःचं नाव ऐकायला आलेले असतात. मोठी गाडी येऊन थांबली की आतल्या माणसाचा पाय जमिनीला लागायच्या आत त्याचं नाव भोंग्यातून आलं पाहिजे. उशीर झाला तर माणूस पाय परत आत घेतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नावांना क्रम असतो, क्रमाला भांडणं असतात. एका कबड्डीच्या सामन्यात मैदानावर कुणाचं नख दुखावलं नाही आणि व्यासपीठावर, कुणाचं नाव आधी घेतलं यावरून, दोन माजी उपसरपंचांची डोकी फुटली. क्रीडासंस्कृती म्हणतात ती ही.

खेळाडूंबद्दल माझं मत विचाराल तर तेही सांगतो. तळोजाच्या कबड्डी संघाला हरवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. कारण सोपं आहे. कारखान्यांच्या वासात लहानाचे मोठे झालेले गडी ते, श्वास रोखून धरणं त्यांना पाळण्यातच आलेलं. त्यांचा एक चढाईपटू 'कबड्डी कबड्डी' म्हणत आत गेला तो सातही गडी बाद करून, चहा पिऊन, त्याच दमात परत आला. आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात एकदा वजन उचलण्याची स्पर्धा होती. व्यायामशाळेतली पोरं तेल लावून, आरशात बघून, किंचाळून वजन उचलत होती. शेवटी बाजारातला एक हमाल, बिडी कानाला लावून, हौसेने पुढे आला. त्याने ते वजन उचललं, खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं, "नाना, हा ठेवायचा कुठं?" मी म्हटलं, "कुठे नाही, परत खालीच ठेव." तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला माझ्याच धंद्याची लाज वाटली. "मग उचलायला सांगितला कशाला?" असं म्हणून त्याने ते खाली ठेवलं आणि बक्षीस न घेता निघून गेला. शारीरिक शिक्षणावर मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली. त्या प्रश्नाचं उत्तर एकातही नव्हतं.

तर जगनशेठ. आमच्याकडे पूर्वी शेत विकून बंगला बांधायचे. जगनशेठ दुसऱ्याचं शेत घेऊन स्वतःचे मनोरे बांधतात. त्यांनी पळस्प्याच्या पुढे, गोव्याचा रस्ता फुटतो त्याच्या अंगाला, ऑलिंपिया नावाची वसाहत काढली. दारात ग्रीक पद्धतीचे खांब. बोट वाजवलं तर ढोलकीसारखे वाजायचे, कारण आतून पोकळ. खांबांच्या मध्ये थाळीफेक करणाऱ्या ग्रीक खेळाडूचा पुतळा. ग्रीक खेळाडू अंगावर चिंधीही न ठेवता खेळायचे, आणि मूळ पुतळा तसाच होता. पण जगनशेठ संस्कृती जपणारे. त्यांनी मूर्तिकाराकडून त्याला गुडघ्यापर्यंत हाफ चड्डी घालून घेतली, तीही पट्ट्यापट्ट्यांची. ग्रीसचा तो वीर आता पळस्प्याला थाळी घेऊन रात्रपाळीवरून घरी चालल्यासारखा दिसतो.

वसाहतीच्या उद्घाटनाला 'ऑलिंपिया महोत्सव' ठरला. धावणं, रस्सीखेच, कुस्ती, आणि शेवटी बिनजोड. बिनजोड म्हणजे बैलांची एकास एक शर्यत, दोनच छकडे, दोनच जोड्या, मधे कुणी नाही. शेठनी मला बोलावलं. म्हणाले, "नाना, या वेळी नेहमीचं नको. सगळं अस्सल ग्रीक पाहिजे. मुंबई-पुण्याची शिकलेली मंडळी फ्लॅट बघायला येणार आहेत."

ज्याचं काम घ्यायचं त्याचं गोत्र पाठ करायचं हा माझा नियम. मी वाचनालयातून ग्रीकांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि ओसरीवर बसून वाचून काढलं. वाचता वाचता माझा ऊर भरून आला, कारण आपल्यात आणि त्यांच्यात काडीचाही फरक नाही.

लोक सांगतात, ग्रीक खेळाडू पैशासाठी खेळत नसत, नुसत्या पानांच्या मुकुटासाठी खेळत. बरोबर. मुकुट ऑलिंपियात मिळायचा, पैसे गावी गेल्यावर मिळायचे. वर जन्मभर सरकारी खर्चाने जेवण आणि नाटकाला पुढची खुर्ची. दुसऱ्या नंबराला काहीच नाही. हरलेला मागच्या गल्लीने घरी जायचा. पैलवानांच्या अंगावरचा तेल-घाम-मातीचा मळ खरवडून तो औषध म्हणून विकला जायचा. हे मी हमीदभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या अल्ला, मग आपली गुटख्याची जाहिरात तरी काय वाईट?" हमीदभाई म्हणजे माझे साऊंडवाले. कुवेतहून परत आल्यावर त्यांनी भोंग्यांचा धंदा घेतला, तेव्हापासून माझा आवाज आणि त्यांची वायर यांचा संसार आहे.

श्रीमंतांना ग्रीक लोक पैसे घेऊन स्तुतीची गाणी करून द्यायचे. म्हणजे माझेच भाऊबंद. आणि ऑलिंपियात खेळाडूंच्या आधी आम्हा लोकांची स्पर्धा असायची, शिंग फुंकणाऱ्यांची आणि पुकारणाऱ्यांची. ज्याचा आवाज सगळ्यांत पुढे, त्याला मुकुट, आणि मग विजेत्यांची नावं पुकारायचा मान. मी ते पान दोनदा वाचलं. चुकीच्या देशात, चुकीच्या काळात जन्माला आलो म्हणून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण खरी गंमत रथांच्या शर्यतीत. रथ हाकणारा मरमर मरायचा, घोडे फेस गाळायचे, आणि मुकुट कुणाला? घोड्यांच्या मालकाला. मालक सावलीत बसलेला. काही मालक तर मैदानात फिरकतही नसत. रोमचा एक बादशहा असाच हौसेने स्वतः रथ हाकायला बसला, मधेच खाली पडला, शर्यत पुरी केली नाही, तरी विजेता म्हणून त्याचंच नाव पुकारलं गेलं. मी पुस्तक मिटलं. हे तर आपल्या तालुक्याचंच वर्णन होतं, फक्त मोठ्या गाड्यांच्या जागी रथ.

आमच्याकडे बिनजोडीची एक रीत आहे. बैलाला सातबारा नसतो. कुठल्या बैलाचा मालक कोण, हे मैदानातला पुकारा ठरवतो. भरल्या मैदानात भोंग्यावर ज्याच्या नावाने बैल पुकारला, बैल त्याचा. तिथेच कुणी हरकत घेतली नाही तर नंतर पंचसुद्धा ऐकून घेत नाहीत. भोंग्यावर आलं म्हणजे झालं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी चांगुणाबाय माझ्या दारात आली. खाडीकडच्या गावातली आगरी बाई. नवरा गेलेला, जमीन विमानतळाच्या आसपासच्या रस्त्यांत गेलेली. घरात ती आणि वकील नावाचा बैल. वासरू असताना तो प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यावर हंबरून आडवा व्हायचा, म्हणून तिच्या नवऱ्याने नाव ठेवलं वकील.

ओसरीवर बसायला सांगितलं तर पायरीशीच उभी राहिली.

"नाना, उद्या तुमी पुकारनार ना?"

"मीच. दुसरा आहे कोण?"

"माज्या वकीलला शेठच्या बैलाच्या जोडीला जुपलाय. काशीनाथनं."

काशीनाथ म्हणजे तिचा दीर. जगनशेठच्या मागे फाइल धरून चालतो. फाइलमध्ये काय असतं कुणाला माहीत नाही, पण धरण्याची ढब साहेबाची आहे.

"बरं मग?"

"तो सांगनार तुमाला, दोनी बैल शेठच्या नावानं पुकारा. एकदा पुकारला का परवा टेम्पो येतो आनि वकील शेठच्या फार्महाऊसला जातो. मी नाय बोलली तर बोलतो, भावाचा बैल, मी भाऊ, मी दिला. नाना, नवरा गेला तवा तो दूध पीत व्हता. माज्या हातानं वाढवलाय. तो गेला तर घरात बोलायला कोन नाय मला."

मी तिला सांगितलं, बाई, माझा आवाज भाड्याचा आहे. ज्याने घेतला त्याचं नाव घेतो. उगाच धीर द्यायचा म्हणून ग्रीसची गोष्ट सांगितली. तिथे बायकांना मैदानात पाऊल टाकायची बंदी होती, तरी एका राजाच्या बहिणीचे घोडे जिंकले आणि तिचं नाव पुकारलं गेलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तिचा भाऊ राजा व्हता, नाना," ती म्हणाली. "माजा दीर काशीनाथ हाय."

आणि गेली. बायकांना बिनजोडीच्या मैदानात आमच्याकडेही कुणी सोडत नाही. का, ते कुणी सांगत नाही. ग्रीकांनाही सांगता येत नव्हतं. फक्त त्यांच्याकडे सापडलेल्या बाईला कड्यावरून ढकलायचा कायदा होता. आमच्याकडे नुसते डोळे वटारतात. तेवढी आपण प्रगती केली.

दुपारी मी शेठच्या ऑफिसात गेलो. काशीनाथ होताच. म्हणाला, "नाना, दोन्ही बैल शेठच्या नावानं हां. काय समजायचं ते समजा." मी समजलो. मग शेठकडे वळलो. "शेठ, अस्सल ग्रीक पाहिजे ना? मग पुकारा त्यांच्या रिवाजाने करू. आधी पुकारणारा सगळ्या मैदानाला विचारतो, या विजेत्याबद्दल कुणाचा आक्षेप आहे का. मग नाव, बापाचं नाव आणि गाव."

शेठ खूश. "टाका ना. भारी वाटेल. आणि आक्षेप कोण घेतोय इकडे?"

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणंही भाड्यात धरलेलं असतं.

बाहेर डेकोरेटर उभा होता. त्याला मुकुटांची चिंता. "नाना, ऑलिव्हची पानं आणू कुठून? एक आयडिया आहे. हायवेच्या दुभाजकावर झुडपं आहेत ना, त्यांची पानं फोटोतल्यासारखीच दिसतात. लांबट, टोकदार. दोन मुकुट ओवून टाकतो." मी म्हटलं, टाक. जन्मभर मी बैलांची नावं पुकारली, पण बैलाच्या तोंडात गवताची काडी कधी घातली नाही. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

महोत्सवाचा दिवस. फ्लॅट बघायला आलेली मंडळी मांडवात, गारेगार पाणी घेऊन. पलीकडे दोरीच्या कडेने गावकरी. दोरीच्या बाहेर, बैल आणलेल्या टेम्पोच्या टपाच्या सावलीत, चांगुणाबाय. सकाळच्या भाषणांबद्दल काही लिहीत नाही. 'निकोप स्पर्धा' हा शब्द इतक्या वेळा आला की माझा माइक घसरायला लागला. मांडवातले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "किती ऑथेंटिक आहे ना?" समोर पट्ट्याच्या चड्डीतला ग्रीक उभा होता.

बिनजोड लागली. समोर कल्याणकडची जोडी, नाव कमावलेली. इकडे शेठचा घाटावरून आणलेला सिकंदर आणि जोडीला वकील. सिकंदर दिसायला राजा, शिंगांना रंग, पाठीवर झूल. झेंडी पडली. धुळीत पहिल्यांदा काहीच दिसेना, तेव्हा मी नेहमीप्रमाणे "काय पळतायत, काय पळतायत" म्हणत वेळ काढला. धूळ फाटली तर वकील पळत होता आणि सिकंदर वाहून नेला जात होता. मला सिकंदरचे चार पाय एकदम जमिनीपासून वर दिसले. हमीदभाई म्हणतात दोनच होते. त्यांचा चष्मा जुना आहे. कल्याणची जोडी मागे राहिली, वकील सुटला तो निशाणाच्याही पुढे, थेट ग्रीक खांबांपर्यंत. एका खांबाला त्याचं शिंग लागलं आणि खांब टरबुजासारखा फुटला. मांडवातल्या फ्लॅटवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं.

मैदान नाचायला लागलं. शेठ खाली आले, मागे काशीनाथ, फाइलसकट. जोडी मधोमध आणून उभी केली. मी माइक घेतला, आवाज लावला. तो आवाज मी आयुष्यात मोजक्या वेळा काढलाय.

"ऑलिंपियाच्या रिवाजाप्रमाणे, विजेत्याचं नाव पुकारण्याआधी, या मैदानातल्या प्रत्येकाला विचारतो. या जोडीच्या मालकीबद्दल कुणाचा आक्षेप आहे?"

मांडवातून टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं कार्यक्रमाचा भाग आहे.

गावकऱ्यांना माहीत होतं. वकील कुणाचा हे त्या दोरीला टेकलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यातल्या कित्येकांनी चांगुणाबायच्या गोठ्यात बसून चहा प्यालेला होता. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलो. कुणी चप्पल नीट केली, कुणाला फोन आला, कुणाला आभाळात विमान दिसलं. छाती पुढे काढून मिरवणारे गडी, कबड्डीत चौघांना ओढून आणणारे, पण दोरीच्या आत एकाचंही पाऊल पडलं नाही. मी ग्रीकांचं पुस्तक वाचून हसत होतो ते उगाच. चांगुणाबायकडे बघितलं. काशीनाथ तिच्याकडेच रोखून बघत होता. तिने मान खाली घातली.

"चला, पुढे," शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांनी एक मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. फोटोवाला पुढे आला. "शेठ, एक बैलाला पण घाला, भारी येईल." शेठनी दुसरा मुकुट वकीलच्या शिंगांवर अडकवला. वकीलने मान झटकली, मुकुट घरंगळून नाकाशी आला. आणि त्याने जीभ बाहेर काढली.

दोरीवरून उडी पडली.

नऊवारीतली बाई दोरीवरून उडी मारताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ग्रीसमध्येही एका आईने अशीच कुंपणावरून उडी मारली होती, पोरगा जिंकला म्हणून. ही त्यासाठी नव्हती. पंचांमधला एक "ए बाय, आत नाय यायचा" म्हणेपर्यंत ती पोचली होती. वकीलच्या जबड्यात हात घालून तिने मुकुट बाहेर ओढला, पानं मोजावीत तशी बोटांनी त्याची जीभ साफ केली, आणि काशीनाथच्या अंगावर मुकुट फेकला.

"कन्हेर हाय रं. बैलाला कन्हेर चारता? मरंल ना तो."

कण्हेर गुरांना विष असते, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला माहीत होतं. एकाच्याही नजरेत आलं नव्हतं. सगळे शेठच्या मुकुटाकडे बघत होते. शेठनी हळूच तो डोक्यावरून काढला आणि बोटं रुमालाला पुसली.

काशीनाथ पुढे आला. "वहिनी, तमाशा नको. बाहेर हो. घरी बोलू."

हे सगळ्या पळस्प्याने ऐकलं, कारण हमीदभाई दुसरा माइक घेऊन त्या दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "नाना, आवाज बरोबर येतोय ना?"

मग माझ्या घशाने माझं ऐकलं नाही. "आक्षेप आलेला आहे," मी पुकारलं. "रिवाजाप्रमाणे बापाचं नाव आणि गाव विचारावं लागेल. बैलाच्या बापाचं आम्ही विचारत नाही, हल्ली ते काम दवाखान्यातून होतं. आईचं सांगा. काशीनाथराव, वकीलच्या आईचं नाव?"

काशीनाथने फाइलकडे बघितलं. "आईचं म्हणजे... गायच असंल ना."

पहिलं हसू दोरीच्या कडेने फुटलं. मग ते मांडवापर्यंत गेलं. जी माणसं आक्षेपाच्या वेळी चपला नीट करत होती ती आता पोट धरून हसत होती. आमच्याकडे हिंमत अशीच येते, हशाच्या मागून.

"चांगुणाबाय, तुम्ही सांगा."

"मैना," ती माइककडे न बघता म्हणाली. "मैनाची आई हरनी. हरनी माज्या बापानं लग्नात आंदन दिलेली. काशीनाथ तवा चड्डीत व्हता, त्यालाच विचारा."

आंदण. एवढा एक शब्द पुरला. बापाने लेकीला दिलेली गाय, तिची पाडी, तिचा गोऱ्हा. नवऱ्याचा नव्हताच तो कधी, तर दिराचा कुठून होणार? पंचांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. शेठ हुशार. ज्या बाजूने टाळ्या येतात तिकडे तोंड फिरवायला त्यांना वेळ लागत नाही. "अहो, मीच म्हणणार होतो," ते हसून म्हणाले.

माइक बाजूला धरून मी चांगुणाबायला बापाचं नाव आणि माहेर विचारून घेतलं, आणि पुकारलं. तसं मी कधीच पुकारलं नव्हतं. कर्नाळा त्या दिवशी परत सरळ झाला असावा.

"बिनजोडीचे विजेते. जगनशेठ यांचा सिकंदर. आणि चांगुणा, हिरूची लेक, माहेर वडघर, हिचा वकील."

बापाचं नाव ऐकलं तेव्हा चांगुणाबायने पदर तोंडाला लावला. किती वर्षांनी कुणी ते मोठ्याने घेतलं असेल कोण जाणे. वकीलला मात्र काही वाटलं नाही. त्याने परत शेण टाकलं.

पुढच्या आठवड्यात चौकाचौकांत फलक लागले. 'नारीशक्तीचा सन्मान', वर जगनशेठचा फोटो दाराएवढा, खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी चांगुणाबाय, आणि फोटोतून बैल कापलेला. मला मात्र त्यानंतर कुणी बोलावलं नाही. शेठ लोक एकमेकांशी बोलतात. आता माझ्या जागी एक पोरगा आलाय, तो सगळ्यांना 'लीजंड' म्हणतो. बोलू दे. मी निवृत्त झालो असं लिहितात, ते खरं नाही. मला दोरीच्या बाहेर ठेवलंय. तिथून जरा वेगळं दिसतं एवढंच.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. सगळं पांगल्यावर हमीदभाई वायरी गुंडाळत होते. मला म्हणाले, "नाना, तबियत ठीक आहे ना? एवढी ईमानदारी आली कुठून?" मी म्हटलं, घसा बसलाय, बोलवत नाही. टेम्पोशी चांगुणाबाय बादली धरून उभी होती आणि वकील मान घालून पाणी पीत होता. मी तिला त्या ग्रीक आईची गोष्ट सांगितली, कुंपणावरून उडी मारलेली.

"मग तिला ढकलली का कड्यावरनं?"

"नाही. घरातले सगळे जिंकलेले होते म्हणून सोडली."

"म्हंजे बाया मैदानात नायच यायच्या. कवाच."

"नाही."

तिने वकीलच्या मानेवरून हात फिरवला. बादली तळाला लागली होती, तिने ती तिरपी केली.

"मग त्या घोड्यांना पानी कोन पाजायचा, नाना?"

पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. ते त्यात नव्हतं.